चौथी चौकट

“आणि या चौकटींत आधीच बरोबरच्या खुणा कशा काय आल्या?” म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टॅब अगदी डोळ्यांपाशी नेला.

फटाफट तेव्हा स्टुलावर उभा होता. एका हातात ड्रिल, दातांत दोन क्लिपा. क्लिपा हातात घेऊन, खाली न बघताच तो म्हणाला, “ते कंपनीचं असतं हो सगळं. तुम्ही फक्त खाली सही करा. बोटानंच करायची.”

“चौथ्या चौकटीत लिहिलंय, ‘माझ्या वापरानुसार मला उपयुक्त जाहिराती दाखवण्यास माझी संमती आहे.’ वापरानुसार म्हणजे? मी नेटवर काय बघतो ते तुम्ही बघणार?”

“अहो काका, कोण बघत बसलंय तुमचं?” फटाफट हसला. “लाखभर गिऱ्हाइकं आहेत. कंपनीला दुसरे उद्योग नाहीत का?”

हे वाक्य त्याच्या जिभेवर इतकं बसलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी त्यानं ते बिनचूक म्हटलं असतं. ते ऐकून लोक हसायचे. आपण आपल्याला उगाचच मोठे समजतो असं त्यांना वाटायचं आणि ते सही करायचे. हे गृहस्थही हसले, बोटानं काचेवर नाव काढलं आणि टॅब परत दिला. फटाफटनं भिंतीवरच्या डबीतला हिरवा दिवा लागल्याचं दाखवलं, खाली पडलेला चुना स्वतःच्या फडक्यानं पुसून घेतला आणि चाळिसाव्या मिनिटाला तो जिन्यावरून खाली उतरला होता.

म्हणून तर तो फटाफट. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. घरोघर टीव्हीच्या केबली ओढण्यापासून त्यानं सुरुवात केली. ती कंपनी बुडाली, दुसरी आली, दुसरीला तिसरीनं गिळलं, आणि त्या सगळ्या उलथापालथीत खांद्याला वेटोळं अडकवलेला हा माणूस तेवढा तसाच राहिला. त्याच्या वयाचे बाकीचे कधीच गळाले होते. तो टिकला तो वेगामुळे, आणि वेगाचं गुपित होतं त्याच्या फॉर्म भरण्यात. गिऱ्हाइकाच्या घरात शिरण्याआधीच, खाली फाटकापाशी स्कूटरवर बसून तो टॅबवर नाव, पत्ता टाकायचा आणि मग पाच चौकटींवर टक, टक, टक, टक, टक. वर गेल्यावर उरायची ती फक्त सही. चौकटींत खुणा गिऱ्हाइकानंच करायच्या असतात, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. प्रशिक्षणात काय, बरंच काही सांगतात.

पाचांतल्या चौथीवर साहेबांचा फार जीव. ऑफिसात एक पांढरा फळा होता, त्यावर दर आठवड्याला कुणाच्या किती चौथ्या चौकटी भरल्या ते लिहिलेलं असायचं, आणि फटाफटचं नाव कायम सगळ्यांत वर. “शिका काहीतरी यांच्याकडून,” असं साहेब बाकीच्यांना म्हणाले की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. साहेब त्याच्या लेकीच्या वयाचे होते, पण कौतुक कुणाच्याही तोंडून आलं तरी गोडच लागतं.

त्या चौकटीनं काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. घरातली माणसं नेटवर कुठल्या कुठल्या पत्त्यांवर जातात त्याची कंपनीकडे नोंद व्हायची, त्यावरून ते घर एका गटात पडायचं, आणि त्या गटाच्या जाहिराती त्या घरातल्या टीव्हीवर नि मोबाइलवर यायला लागायच्या. बस, एवढंच. चपलेची जाहिरात बघून कुणाचा जीव गेलाय, असं त्याचं म्हणणं.

त्याची बायको वाचनालयात होती. तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलामागे. तिचा स्वभाव याच्या अगदी उलटा, प्रत्येक गोष्ट सावकाश आणि पुरती करणारा. एकदा एक बाप तणतणत आला होता. माझा मुलगा इथून कुठली पुस्तकं नेतो ते दाखवा म्हणाला. तिनं समोरची नोंदवही मिटली, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, “कोण काय वाचतं ते ज्याचं त्याला. मुलाला विचारा.” बापानं वरपर्यंत तक्रार केली. तिला लेखी खुलासा द्यावा लागला, तो तिनं दिला, पण वही उघडली नाही. फटाफट तेव्हा तिला हसला होता. “अगं, पुस्तकंच ना ती? दाखवायची आणि मोकळं व्हायचं. फटाफट!”

ती म्हणाली होती, “तुम्हाला नाही कळायचं.”

*

ती जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा दोघं संध्याकाळचा चहा घेत होती. पडद्यावर एक बाई आरशासमोर उभी राहून डोक्याला मऊ निळा रुमाल बांधत होती आणि हसत होती. ‘केस परत येतात. तोवर आम्ही आहोत.’

“ही कसली जाहिरात पाठवली आपल्याकडे?” फटाफट म्हणाला. “तिकडे कुणाचा तरी गोंधळ झालेला दिसतोय.”

बायकोनं चहा अर्धाच टाकला. कप उचलून आत गेली आणि बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात. तिसऱ्या दिवशी एका रुग्णालयाची, ‘छातीतल्या गाठीचं निदान एका दिवसात.’ मग आतून कापूस भरलेल्या खास कपड्यांची. आता फटाफटनं टीव्हीचा आवाज कमी केला. आपल्या धंद्यात हा असा गोंधळ होत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? जाहिरात घर बघून येते. घरात माणसं दोन. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. आणि त्यानं स्वतः तर नेटवर क्रिकेट आणि जुन्या स्कूटरचे सुटे भाग यांपलीकडे काही शोधलेलं नव्हतं.

बायको समोरच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पुस्तक. पान उलटत नव्हतं. विचारायला किती शब्द लागले असते? ‘काय गं, काय होतंय तुला?’ एवढेच. त्याच्या तोंडून ते निघाले नाहीत. हजारो घरांच्या भिंतींना भोकं पाडणाऱ्या या माणसाची आपल्या घरात एक प्रश्न विचारायची छाती झाली नाही.

शनिवारी हजेरी लावायला ऑफिसात गेला तेव्हा तो जाहिरात विभागातल्या चष्मेवालीच्या टेबलाशी थांबला.

“एक नंबर टाकून बघतेस? काहीतरी चुकीचं लागतंय.”

“काका, असं कुणाचं बघायची परवानगी नसते.”

“कुणाचं म्हणजे? माझंच घर आहे की!”

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि नंबर टाकला. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. ती पडदा त्याच्यापासून वळवायला गेली, पण त्यानं हातानं धरून ठेवला.

गट: गंभीर आजार. स्त्री, पन्नास ते साठ. टप्पा: निर्णयाच्या जवळ.

खाली तारखा होत्या. पहिली सात आठवड्यांपूर्वीची. एकाच रुग्णालयाचं पान अकरा वेळा उघडलेलं. सगळे सोमवार, म्हणजे वाचनालयाच्या सुट्टीचे दिवस. सोमवारी तो सकाळी बाहेर पडायचा तेव्हा ती दारापर्यंत यायची, दुपारच्या जेवणाचा डबा हातात द्यायची. मागच्याच सोमवारी डब्याचं झाकण नीट बसवलं नाही म्हणून तो तिच्यावर खेकसला होता.

“काका,” चष्मेवाली हलकेच म्हणाली, “यंत्र आहे हो. चुकतंही कधी कधी.”

“नाही,” तो म्हणाला. “हे चुकत नाही.”

इथून त्यानं सरळ वाचनालयात जायला हवं होतं. दहा मिनिटांचा रस्ता. पण तो खाली स्कूटरपाशी आला, एकट्याच्यानं ते पेलवेना, आणि त्यानं लेकीला फोन लावला. ‘आईला सांगू नकोस’ असंही तो शेवटी म्हणाला. लेकीनं हो म्हटलं आणि पाच मिनिटांत रडत रडत वाचनालयात आईला फोन केला. टेबलापुढे पुस्तकं घेऊन सहा माणसं रांगेत उभी होती.

*

तो घरी आला तेव्हा ती बाहेरच्या खोलीत बसून होती. पर्स अजून खांद्यालाच. टीव्ही बंद.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

तो उभाच राहिला. “आधी तू सांग, कितपत मोठी...”

“कुणी सांगितलं? मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीलासुद्धा नाही. डॉक्टरला आणि मला, दोघांनाच माहीत होतं.”

“कंपनीत कळलं.”

“तुमच्या कंपनीला माझी गाठ कशी माहीत?”

मग त्यानं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो चौथी चौकट कुणाला तरी नीट समजावून सांगत होता, अडखळत, मध्येच थांबत. ती ऐकत होती. वाचनालयात एखाद्याला हव्या असलेल्या पुस्तकाचं नाव आठवत नसलं की ती जशी शांतपणे ऐकायची, तशीच.

“म्हणजे त्या रुमालाच्या जाहिराती माझ्यासाठी होत्या.”

“हो.”

“मला वाटलं, सगळीकडेच लागत असतील. मी आपली रोज आत जाऊन नळ सोडत होते.” तिनं टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं. “कनेक्शन माझ्या नावावर आहे ना? मग संमती कुणी दिली? मी तर कशावर सही केली नव्हती.”

कंपनीच्या माणसांना फुकट कनेक्शन मिळायचं, पण ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घ्यावं लागायचं. तीन वर्षांपूर्वी त्यानं ऑफिसातच बसून फॉर्म भरला होता. बायको कामावर. सहीसाठी पुन्हा घरी कोण जाणार? तिच्या सहीत शेवटच्या अक्षराखाली एक गोल वळण असतं. तेही त्यानं आपल्या बोटानं काढलं होतं. चांगलं जमलं म्हणून बाजूच्याला दाखवलंही होतं.

“मीच केली,” तो म्हणाला.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

“शुक्रवारी तुकडा काढून तपासणार आहेत,” ती म्हणाली. “त्याचं कळलं की सांगणार होते तुम्हाला. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. माझ्या आईचं आठवतंय ना? गाठ आहे हे घरात कळलं त्या दिवसापासून तिच्याशी कुणी दुसरं काही बोललंच नाही. आली माणसं की बसायची तोंडाकडे बघत. मला तसं नको होतं. थोडे दिवस तरी तुम्ही माझ्यावर डब्याच्या झाकणावरून ओरडावं, असं मला वाटत होतं.”

“अगं, मी काळजीपोटीच...”

“काळजी होती तर मला विचारायचं होतंत. इथे बसले होते मी, या खुर्चीत. मला सोडून तुम्ही ऑफिसात जाऊन माझी वही उघडलीत.”

ती उठली, पर्स खुंटीला लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाली, “शुक्रवारचं काय निघालं ते मला नका विचारू. तुमची कंपनी सांगेल तुम्हाला.”

*

सोमवारी ती ऑफिसात आली. त्याला न सांगता. तो माल घ्यायला कोठारात गेला होता. बाहेर आला तर ती काउंटरसमोर उभी, वाचनालयात जायची साडी नेसून, हातात ओळखपत्र.

“मला संमती काढून घ्यायची आहे,” ती काउंटरवरच्या माणसाला सांगत होती. “चौथ्या चौकटीची.”

त्या माणसानं आजवर असं काम केलंच नव्हतं. त्यानं साहेबांना बोलावलं. साहेब आले, फटाफटकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, हसले. “बाई, तुम्ही आपल्याच घरच्या. हे घरी बसून नसतं का मिटलं?”

“घरी बसून होतं का? मग घरीच करते.”

“नाही, म्हणजे... त्यासाठी खातेदारालाच इथे यावं लागतं.”

“म्हणून तर आले.”

साहेबांनी पडद्यावर जुना फॉर्म काढला. खाली तिची सही, गोल वळणासकट. “ही तुमचीच ना? कसं आहे, तुमची असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मात्र मला चौकशी लावावी लागेल. ज्यानं केली त्याला घरी बसावं लागेल. माझ्या हातात राहणार नाही.”

मागे चष्मेवाली मान खाली घालून बसली होती. फटाफटच्या खांद्यावर केबलचं वेटोळं होतं, ते खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. मुद्दा फक्त त्याच्या नोकरीचा नव्हता. कर्मचाऱ्यांच्या विम्यात बायकोचं नाव होतं. शस्त्रक्रिया करावी लागली तर ती त्याच विम्यावर होणार होती. हे त्याला कळत होतं, साहेबांना कळत होतं, आणि तिला तर सगळ्यांच्या आधी कळलेलं असणार.

ती त्या सहीकडे बघत राहिली. तीस वर्षं खोट्या सह्या ओळखण्यात गेली होती तिची. वडिलांच्या सह्या करून कार्ड मागायला येणारी पोरं ती दारातूनच परत पाठवायची.

“माझीच आहे,” ती म्हणाली.

“झालं तर मग.” साहेबांनी टॅब पुढे सरकवला. “इथे एक सही करा. वाचायची काही गरज नाही.”

“मी वाचते.”

तिनं वाचलं, आणि मोठ्यानं वाचलं. “‘पूर्वी दिलेली संमती मी स्वतः, समजून-उमजून आणि स्वखुशीनं दिली होती. ती आजपासून मागे घेत आहे. बदल लागू होण्यास नव्वद दिवस लागू शकतात.’” मग तिनं बोट टेकवलं आणि सावकाश सही केली. शेवटच्या अक्षराखाली वळण काढलं नाही.

जाताना ती फटाफटपाशी क्षणभर थांबली. त्याला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

“डबा घरीच राहिला तुमचा,” ती म्हणाली. “तिकडे ठेवलाय, काउंटरवर.”

*

शुक्रवार गेला. गाठ वाईट निघाली. हे त्याला लेकीकडून कळलं. शस्त्रक्रिया झाली, ती विम्यावरच. रुग्णालयाच्या कागदांवर नातेवाईक म्हणून जिथे जिथे सही हवी होती तिथे त्यानं केली, आपल्या नावाची. आत डॉक्टरांशी बोलायला मात्र ती वाचनालयातल्या मैत्रिणीला घेऊन जायची. तो बाहेर बाकड्यावर. मनातलं विचारायचं असलं तर आता ती नेटवर बघत नव्हती. एक छोटी वही केली होती. त्यात लिहायची, आणि तो खोलीत आला की मिटून त्यावर हात ठेवायची. मुद्दाम त्याला टोचावं म्हणून नाही. आपसूकच.

इकडे फटाफटचा वेग गेला. तो रिकामा फॉर्म घेऊन वर जायचा, गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचा आणि पाचही चौकटी वाचून दाखवायचा. चौथीपाशी सांगायचा, “तुम्ही कुठे कुठे जाता ते कंपनी बघते. त्यावरून तुमच्याबद्दल काहीबाही ठरवते. ही रिकामी सोडली तरी कनेक्शन मिळतं.” फळ्यावर त्याचं नाव खाली खाली येत तळाला पोचलं. साहेबांनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा काय देतील ते त्याला ठाऊक होतं. तिचे केमोच्या औषधाचे सहा फेरे अजून व्हायचे होते, म्हणून साहेबांपुढे तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचा.

एकदा एक घाईतली बाई ऐकता ऐकता घड्याळ बघायला लागली. “अहो, करा ना तुम्हीच टिक. किती वेळ?”

“बोट तुमचंच लागेल, ताई,” तो म्हणाला.

तिनं टॅब घेतला, न बघता पाचही चौकटींवर टक टक टक केलं आणि परत दिला. “कोण बघत बसलंय आपलं!” ती हसून म्हणाली. फटाफट स्टुलावर चढला आणि ड्रिल सुरू केलं.

नव्वद दिवस भरायच्या आतच जाहिराती बदलल्या. त्या दिवशी सकाळी तो बॅग भरून तयार बसला होता. रुग्णालयात जायचं होतं, दुसऱ्या फेऱ्यासाठी. टीव्हीवर साबण लागला, मग रंग, मग गाडीचे टायर. कुणाच्याही घरी लागतात तशा. या घरात काय चाललंय ते आता कंपनीला माहीत नव्हतं.

त्यानं टीव्ही बंद केला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून आरशाचा कोपरा दिसत होता, आणि डोक्यामागे रुमालाची गाठ बांधणारा तिचा डावा हात. शस्त्रक्रियेनंतर उजवा अजून तेवढा वर जात नव्हता. गाठ सुटली. तिनं पुन्हा धरली. पुन्हा सुटली.

तो उठून दारापर्यंत गेला. दार ढकलायला बोटभरही जोर लागला नसता. त्यानं नजर दुसरीकडे वळवली, टकटक करायला हात उचलला आणि तसाच धरून तो बाहेर उभा राहिला.